ऐकलेलं पुस्तक वाचलं म्हणायचं का?



अप्पा बळवंत चौकातून तापकीर गल्लीकडे चालत निघालं, तर पाच-सात मिनिटं लागतात. चौकात पुस्तकं: शाळेची, कॉलेजची, गाईड, स्पर्धा परीक्षेचे ठोकळे, फुटपाथवर जुनी. जूनमध्ये तिथे पाय ठेवायला जागा नसते, हे पोरांच्या आयांना सांगायला नको. आणि तापकीर गल्लीत सगळी विजेची दुकानं: दिवे, वायरी, रेडिओ, स्पीकर, हेडफोन. एका टोकाला डोळ्यांनी वाचायचं सामान, दुसऱ्या टोकाला कानांनी ऐकायचं. आणि मध्ये आपली बुधवार पेठ.

बुधवार पेठ म्हटलं की काही लोक गालातल्या गालात हसतात. त्यांना एवढ्या मोठ्या पेठेतल्या दोन-चार गल्ल्याच ठाऊक असतात. त्या गल्ल्यांतही बायका राहतात, बचत करतात, मुलांना शाळेत घालतात आणि मोबाईलवर गोष्टी ऐकतात. पण त्याच पेठेत तांबडी जोगेश्वरी आहे, तुळशीबाग आहे, दगडूशेठ गणपती आहे आणि महाराष्ट्राच्या वाचनाचा अर्धा इतिहासही आहे. आज बोलायचंय ते त्या इतिहासाबद्दल.

कारण सांगते. आमच्या एका गटात पापड लाटणारी एक ताई आहे. मीटिंगमध्ये ती सहज म्हणाली, "या महिन्यात माझ्या दोन कादंबऱ्या वाचून झाल्या." शेजारी एक निवृत्त शिक्षिका काकू बसल्या होत्या. त्या हसून म्हणाल्या, "वाचून नाही ग, ऐकून झाल्या म्हण." काकूंच्या मनात वाईट काही नव्हतं. पण त्यानंतर ताई त्या कादंबऱ्यांबद्दल एक शब्द बोलली नाही, आणि आम्हाला त्यात काय होतं ते कळलंच नाही. मी इतिहास घेऊन बी.ए. केलंय. त्याचा रोजच्या हिशेबाच्या वह्यांत फारसा उपयोग होत नाही, पण इथे होईल असं वाटलं.

आधी एक साल लक्षात ठेवू या: १८४८.

या साली बुधवार पेठेत दोन गोष्टी झाल्या. पहिली, भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली. दगडूशेठ गणपतीच्या समोर तो वाडा होता. बरीच वर्षं कोर्टकचेऱ्या चालल्या, शेवटी २०२३ च्या डिसेंबरात जुना वाडा उतरवला आणि तिथे स्मारक करायचं ठरलं. ही गोष्ट आपल्या सगळ्यांना पाठ आहे. दुसरी मात्र फार थोड्या जणींना माहीत असते. त्याच साली फेब्रुवारीत पुण्यात 'नेटिव्ह जनरल लायब्ररी' सुरू झाली. तिच्यासाठी खटपट करणाऱ्यांत लोकहितवादी, म्हणजे गोपाळ हरी देशमुख, पुढे होते. आज आपण जिला पुणे नगर वाचन मंदिर म्हणतो ती हीच. म्हणजे एकाच पेठेत, एकाच वर्षात, पुस्तकांचं कपाट आणि मुलींची पाटी.

पण त्या कपाटाची आणि त्या पाटीची लगेच गाठ पडली नाही. लायब्ररी होती ती शिकलेल्या पुरुषांची, वर्गणी भरणाऱ्यांची. आणि पाटी गिरवणाऱ्या मुलींना घरी जाताना शिव्या आणि शेण. सावित्रीबाई स्वतः लग्नानंतर शिकल्या, आणि १८५४ साली त्यांचा 'काव्यफुले' हा कवितासंग्रह छापून आला. मुलींची शाळा निघाल्यावर सहा वर्षांत बाईचं पुस्तक! आमच्या गटाचं पहिलं कर्ज फिटायला याच्या निम्मी वर्षं गेली होती, म्हणून मला हे आकडे जास्त मोठे वाटतात.

फुल्यांच्या शाळेत मुक्ता साळवे नावाची मातंग समाजातली मुलगी शिकत होती. वय चौदाच्या आसपास. तीन वर्षांच्या शिक्षणावर तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला, आणि १८५५ साली तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. धर्माची पुस्तकं ज्यांना उघडायची बंदी, त्यांचा धर्म कुठला, असं त्या पोरीने सरळ विचारलं. तिच्याबद्दल आणखी एक गोष्ट सांगतात. बक्षीस समारंभात मेजर कँडी मुलींना खाऊ देत होते, तेव्हा मुक्ताने खाऊ नको, आम्हाला वाचायला ग्रंथालय द्या, असं म्हटलं. शाळेपाठोपाठ लायब्ररी हवी, नाहीतर शिकलेलं अक्षर वाळून जातं, हे त्या वयात तिला कळत होतं. आपल्याकडे साक्षरतेचे वर्ग घेऊन नंतर वाचायला काही न देणारे कार्यक्रम किती झाले, ते आठवा.

आता प्रश्न असा की, १८४८ च्या आधी आणि नंतरही ज्या लाखो बायकांच्या हातात पुस्तक आलंच नाही, त्यांच्यापर्यंत पुस्तकं पोचलीच नाहीत का? पोचली. कानांनी पोचली.

मराठीतलं पहिलं गद्य पुस्तक म्हणून आपण 'लीळाचरित्र' धरतो. ते लिहिलं कसं गेलं? तेराव्या शतकात चक्रधरस्वामींच्या पश्चात म्हाइंभटांनी ज्यांनी ज्यांनी आठवणी पाहिल्या-ऐकल्या होत्या त्यांच्याकडे जाऊन, विचारून विचारून त्या गोळा केल्या. म्हणजे आपल्या गद्याचा जन्मच ऐकण्यातून झाला. पुढे एका विद्वान शिष्याला ग्रंथ संस्कृतात लिहायचा होता. नागदेवाचार्यांनी त्याला थांबवलं. कारण काय दिलं, तर संस्कृतात लिहिशील तर माझ्या म्हाताऱ्या बायका त्याला मुकतील. मला या वाक्याचं फार अप्रूप वाटतं. त्या म्हाताऱ्या काही पोथी उघडून वाचणाऱ्या नव्हत्या. कुणीतरी वाचणार आणि त्या ऐकणार. तरी आचार्यांच्या लेखी वाचक त्याच होत्या. पुस्तकाची भाषा त्यांच्याकडे बघून ठरली.

मग श्रीधर कवी. 'हरिविजय', 'रामविजय', 'पांडवप्रताप'. अठराव्या शतकाच्या सुरुवातीची ही पुस्तकं. आपल्या आज्यांना, पणज्यांना त्यातल्या कथा तोंडपाठ होत्या. चातुर्मासात दुपारी जेवणं आटोपली की कुणाच्या तरी ओसरीवर पोथी लागायची. एक वाचायचा, दहा-वीस बायका वाती वळत, तांदूळ निवडत ऐकायच्या. आपली तुळशीबाग आज पिना, भांडी आणि कानातल्यांसाठी प्रसिद्ध असली, तरी तिच्या मध्यावर पेशवाईतलं राममंदिर आहे, आणि तिथल्या कीर्तन-पुराणांना बसणाऱ्यांत बायका किती असायच्या ते जुन्या पुण्याच्या आठवणी सांगणारा कुणीही सांगेल. हात कामात आणि कान गोष्टीत, ही बैठक आपल्या बायकांची फार जुनी आहे. ताईने पापड लाटताना डब्यावर फोन ठेवला, तेव्हा तिने काही नवीन केलं नाही.

जात्यावरच्या ओव्या तर याच्याही पलीकडच्या. तिथे बाई नुसती ऐकत नव्हती, रचत होती. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी वर्षानुवर्षं गावोगाव फिरून या ओव्या जमवल्या. एक लाखाहून जास्त भरल्या. लिहिता न येणाऱ्या बायकांचं हे एवढं मोठं साहित्य, आणि त्यातली बहुतेक कवयित्री जनगणनेच्या कागदावर 'निरक्षर'.

इथे थांबून मला काकूंची बाजूही मांडायची आहे, कारण ती खोटी नाही.

ऐकण्यात एक गोम आहे. पोथी कुठली लावायची, ते वाचणारा ठरवणार. कुठला अध्याय आज, कुठला उद्या, अर्थ कसा सांगायचा, कुठे आवाज चढवायचा, सगळं त्याच्या हातात. बायकांनी काय ऐकावं, तर पतिव्रतेच्या कथा. गार्गीने भर सभेत ऋषीला प्रश्न विचारले, हे किती ओसऱ्यांवर सांगितलं गेलं असेल, मला शंका आहे. पुराणिकबुवांना मध्येच थांबवून "बुवा, मागचं पान परत वाचा, तिथे काहीतरी वेगळं लिहिलंय" असं म्हणायची सोय नव्हती. पुस्तक आपल्या हातात असलं की ती सोय असते. म्हणून तर बायकांच्या हातात पुस्तक जायला एवढा विरोध झाला. ऐकणाऱ्या बायकांवर कुणी शेण फेकलं नव्हतं. ते फेकलं गेलं वाचणाऱ्या बाईवर.

रमाबाई रानडे लग्न होऊन पुण्यात आल्या त्या १८७३ साली, वय अकरा. अक्षरओळख नाही. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांनी त्यांना रात्री शिकवायला सुरुवात केली. घरातल्या मोठ्या बायकांना ते पसंत नव्हतं, आणि रमाबाईंना किती टोमणे खावे लागले ते त्यांनी 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या पुस्तकात लिहून ठेवलंय. पुस्तक १९१० चं आहे. मिळालं तर जरूर वाचा, भाषा अगदी घरगुती आहे, आपण बोलतो तशी. मला त्यात एक गंमत दिसली. त्या टोमणे मारणाऱ्या बायका सगळ्या पुराण ऐकणाऱ्या होत्या. त्यांना पुस्तकाचं वावडं नव्हतं. सुनेने ते स्वतः उघडावं याचं होतं.

आणि आता याच घरातली उलट बाजू बघा. रानड्यांचे डोळे तरुणपणापासून अधू होते. एवढा मोठा विद्वान माणूस, पण पुष्कळसं वाचन दुसऱ्याकडून वाचून घ्यायचे. पुढे रमाबाई शिकल्यावर त्याच त्यांना वर्तमानपत्रं वाचून दाखवायच्या, टपाल लिहायच्या. ज्याने तिला वाचायला शिकवलं, तो तिच्या आवाजातून वाचायला लागला. न्यायमूर्ती रानड्यांनी पुस्तकं 'वाचली नाहीत, ऐकली' असं म्हणायचं धाडस आजवर कुणी केलेलं मला माहीत नाही. आमच्या ताईला मात्र एका वाक्यात गप्प बसावं लागलं. अंध मुलं-मुली ध्वनिमुद्रित पुस्तकं ऐकून पदव्या घेतात, तेव्हाही त्यांना कुणी असं म्हणत नाही. म्हणजे प्रश्न खरं तर कानाचा नसतोच, ऐकणारा कोण आहे याचा असतो.

जोतीराव फुल्यांचं आणखी एक उदाहरण द्यायचा मोह आवरत नाही. 'शेतकऱ्याचा असूड' हे पुस्तक १८८३ चं. पण छापील पुस्तक शेतकऱ्याच्या काय कामाचं, त्याला वाचता कुठे येत होतं? जोतीराव हस्तलिखित घेऊन हिंडले. पुण्या-मुंबईत वाचलं, जुन्नर, ओतूर, हडपसरला लोकांपुढे वाचलं, बडोद्याला सयाजीरावांनाही वाचून दाखवलं. ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांच्या कानावर ते आधी गेलं पाहिजे, असा त्यांचा हिशेब असावा. आणि दोनच वर्षांनी, १८८५ साली, पुण्यात ग्रंथकारांचं संमेलन भरलं तेव्हा आमंत्रण असून जोतीराव गेले नाहीत. पत्र लिहून कळवलं की तुमच्या आणि आमच्या पुस्तकांचा मेळ बसत नाही. वाचणाऱ्यांच्या सभेला नकार आणि ऐकणाऱ्यांच्या गावांना होकार, असंच ते झालं.

त्या आधी एक दुर्दैवी प्रसंग पेठेत घडून गेला होता. १८७९ च्या मे महिन्यात बुधवार वाडा जळाला. दुसऱ्या बाजीरावाच्या काळचा मोठा वाडा. इंग्रजी अमलात त्यात सरकारी कचेऱ्या होत्या, आणि आपली ती नेटिव्ह लायब्ररीही तिथेच होती. तीस वर्षं जमवलेली पुस्तकं आगीत गेली. लायब्ररी पुन्हा उभी राहिली, आजही आहे. पण तुमच्या लक्षात आलं का, आगीत कागद जातो. जात्यावरची ओवी जळत नाही. उलट, ज्या बाईला ती येत होती ती बाई गेली की ओवी संपते, कागद मात्र तिच्यामागे शंभर वर्षं टिकतो. दोन्हींचं मरण वेगळं आहे.

या आगीनंतर नऊ वर्षांनी, १८८८ साली, अप्पा बळवंत चौकाजवळ आनंदाश्रम संस्था निघाली. महादेव चिमणाजी आपटे नावाच्या वकिलांनी संस्कृत पोथ्या जमवायला, छापायला ती काढली. त्यांचे पुतणे हरी नारायण आपटे तिचा कारभार बघायचे. हेच आपले कादंबरीकार ह. ना. आपटे. दिवसभर जुन्या संस्कृत पोथ्यांचा व्यवहार बघणारा हा माणूस लिहायचा काय, तर घरातल्या मुलीबाळींना कळेल अशा मराठीत, त्यांच्याच दुःखाच्या गोष्टी. १८९० साली त्यांनी साप्ताहिक काढलं, त्याचं नाव 'करमणूक'. सरळ करमणूक! ज्ञान, विवेक, सुधारणा असलं भारदस्त काही नाही. आणि त्यात 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी क्रमशः आली. यमू नावाची मुलगी स्वतःच्या तोंडून स्वतःची कहाणी सांगते.

त्या काळी घरात एक अंक आला की तो एकटीने वाचून ठेवून द्यायचा नसे. एकजण वाचणार आणि स्वयंपाकघरातल्या चौघीजणी ऐकणार, मग पुढच्या आठवड्यापर्यंत 'आता यमूचं काय होणार' ही काळजी. क्रमशः कादंबरीची हीच तर ताकद. आज मालिकेचा भाग संपला की आपण काय करतो, तेच. यमूची गोष्ट ऐकताना त्यातल्या किती जणींना आपलंच आठवलं असेल, हे लिहून ठेवणारं कुणी नव्हतं.

काशीबाई कानिटकर या आपट्यांच्या साहित्यिक स्नेह्यांपैकी. त्याही लग्न झाल्यावर, घरच्यांच्या नजरा चुकवत शिकलेल्या. पुढे त्यांनी स्वतः कादंबरी लिहिली, डॉक्टर आनंदीबाई जोशींचं चरित्र लिहिलं. ऐकणारी बाई वाचणारी झाली, वाचणारी लिहिणारी झाली, हा प्रवास एका आयुष्यात झाला.

'करमणूक' या नावावरून आवडीनिवडीचा विषय निघतो. आमच्या गटात हा फार चालतो. कुणाला रहस्यकथा आवडतात, कुणाला कौटुंबिक, कुणाला फक्त देवाधर्माचं, आणि कुणीतरी असतंच जिला वाटतं की यातलं काहीच 'चांगलं वाचन' नाही. हे नाक मुरडणंही जुनं आहे. कादंबऱ्या वाचून बायका बिघडतात, असं एकोणिसाव्या शतकात मोठमोठी माणसं म्हणत होती. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या, झुंजार आणि काळापहाड घराघरांत गेले, आणि तरी त्या पुस्तकांना वर्तमानपत्राचं कव्हर घालून वाचणारी कितीतरी माणसं होती. मला स्वतःला रहस्यकथा आवडतात. कव्हर घालत नाही. बी.ए.ला असताना जाडजूड इतिहासाचं पुस्तक दहा पानांनंतर हातातून गळायचं, पण खून कोणी केला हे कळेपर्यंत रात्रीचे दोन वाजायचे. वाचायची सवय मला त्या रात्रींनी लावली, आणि ती सवय घेऊनच पुढे जाडजूड पुस्तकांकडे गेले.

बायकांच्या मासिकांनी यात मोठं काम केलं. १९३० साली किर्लोस्करांचं 'स्त्री' निघालं. १९३३ साली विभावरी शिरूरकर या टोपणनावाने 'कळ्यांचे निःश्वास' आलं, आणि शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनातलं कुणीतरी एवढं उघड लिहिलं म्हणून गदारोळ उठला. ही विभावरी कोण याचा शोध सुरू झाला. त्या होत्या मालतीबाई बेडेकर. तोवर बाईने वाचणं चालत होतं, लिहिणंही थोडंफार. पण खरं लिहायचं तर नाव झाकावं लागत होतं.

मग आला रेडिओ. पुणे आकाशवाणी १९५३ साली सुरू झाली. १९५५ च्या रामनवमीपासून 'गीतरामायण' लागायला लागलं. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांचं संगीत, आठवड्याला एक गाणं, वर्षभरात छप्पन्न. ज्यांच्याकडे रेडिओ होता त्यांच्या घरी शेजारीपाजारी जमायचे, काही जण तर रेडिओला हार-फूल वाहायचे. बघा, ओसरीवरची पोथी परत आली होती, फक्त वाचणारा पेटीत बसला होता. आणि ऐकणाऱ्यांना दर आठवड्याला वाट बघायला लावणारं ते 'करमणूक'चं तंत्रही होतंच.

त्यानंतर शंकर पाटील, द. मा. मिरासदार, व्यंकटेश माडगूळकर गावोगाव कथाकथन करत फिरले. व. पु. काळ्यांच्या, पु. लं.च्या कॅसेट घरोघरी वाजल्या. माझ्या आईच्या वयाच्या कितीतरी जणींनी 'बटाट्याची चाळ' हातात धरलेली नाही, पण चाळीतला एकेक माणूस त्यांना शेजाऱ्यासारखा माहीत आहे. २०१७ साली स्टोरीटेल नावाची स्वीडनची कंपनी भारतात आली, तेव्हा इंग्रजी आणि हिंदीबरोबर मराठी पुस्तकंही घेऊन आली. परदेशी कंपनीला मराठी ऐकणाऱ्यांवर पैसा लावावासा वाटला. हिशेब त्यांनी नीट केला असणार. आठशे वर्षांचं गिऱ्हाईक आहे हे.

आता क्यूबा देशातली एक गोष्ट सांगते, कारण ती थेट आपल्या पापडाच्या पाटाशी येऊन पोचते. तिथे हवाना शहरात चिरूट वळण्याचे मोठे कारखाने होते. आपल्याकडे विडी वळतात तसंच बसून, हातांनी करायचं काम. १८६५ साली तिथल्या कामगारांनी एक पद्धत सुरू केली. एक माणूस उंच जागी बसून सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवणार, सकाळी वर्तमानपत्र, मग कादंबरी. त्याचा पगार मालक देत नव्हता, कामगार आपल्या मजुरीतून वर्गणी काढून द्यायचे. आणि पुढे कुठलं पुस्तक वाचायचं, तेही कामगारच ठरवायचे. सरकार एवढं घाबरलं की दुसऱ्याच वर्षी त्या वाचनावर बंदी घातली. बंदी उठली, पुन्हा आली, पण प्रथा टिकली. 'काउंट ऑफ माँटे क्रिस्टो' ही कादंबरी कामगारांना इतकी आवडायची की एका चिरुटाच्या ब्रँडला 'माँटेक्रिस्टो' नाव पडलं.

यातली मला भावलेली गोष्ट म्हणजे वर्गणी आणि निवड. ओसरीवरच्या बायका आणि हवानाचे कामगार, दोघेही ऐकतच होते. पण कामगारांनी वाचणारा स्वतः नेमला होता आणि पुस्तक स्वतः निवडलं होतं. तिथे ऐकणारा मालक होता. आज आपल्या मोबाईलवर गोष्ट थांबवता येते, मागे नेता येते, आवडली नाही तर बंद करता येते. पुराणिकबुवांपुढे न मिळालेली ही सत्ता आहे, आणि ती छोटी नाही. पण पुढची गोष्ट कुठली, ते पुष्कळदा ॲपच सुचवतं, आणि आपण बोट न हलवता तेच ऐकत राहतो. म्हणजे पुराणिकबुवा गेलेले नाहीत, फोनमध्ये राहायला आलेत एवढंच.

म्हणून माझं उत्तर थोडं वाकडं आहे. कादंबरी ऐकली तर ती वाचली म्हणायला माझी काही हरकत नाही. तिच्यातलं दुःख कळलं, त्यावर बोलता आलं, की झालं. पण बँकेचा कर्जाचा कागद कुणी चांगल्या आवाजात ध्वनिमुद्रित करून देत नाही. औषधाच्या पट्टीवरची तारीख, भाडेकराराची बारीक अक्षरं, बसची पाटी, मुलाच्या शाळेची नोटीस: इथे दुसऱ्याच्या आवाजावर विसंबलं की पुन्हा ओसरीवर बसल्यासारखंच. त्या वेळी वाचणारा जो अर्थ सांगेल तोच खरा. गोष्टीसाठी कान पुरतात. सहीसाठी डोळे लागतात. नवभारत साक्षरता कार्यक्रमात पंधरा वर्षांवरच्या कुणालाही नाव घालता येतं, आणि आमच्या गटांतल्या काही जणींनी ते घातलंय. त्यातल्या एकीने सांगितलं की ऐकलेल्या कादंबरीचं पुस्तक समोर धरलं की अक्षरं लवकर लागतात, कारण पुढे काय येणार ते आधीच माहीत असतं. शिकवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायला हवं. आपण त्यांना 'कमल नमन कर' वाचायला देतो आणि त्या घरी जाऊन खून कोणी केला ते ऐकत असतात.

या बोलण्यातून आमच्या गटापुढे एक ठराव आलाय. वर्षअखेरीच्या शिलकीतून तापकीर गल्लीतून एक बरा स्पीकर घ्यायचा, पापड आणि शिवणाच्या वेळी लावायला. आणि अप्पा बळवंत चौकातून, जी जी कादंबरी ऐकायची तिची एक छापील प्रत, जुनी मिळाली तर जुनी. महिन्याचं पुस्तक हात वर करून ठरवायचं, आणि ज्या महिन्यात जिची सूचना त्या महिन्यात तिने ते सगळ्यांना सांगायचं. काकूंनी पहिल्या महिन्यासाठी 'पण लक्षात कोण घेतो' सुचवलंय, ताईने एक रहस्यकथा. मतदान अजून व्हायचंय.

ठराव वहीत लिहून झालाय. बारापैकी अकरा जणींच्या सह्या झाल्या. बाराव्या मावशींनी शाईचा पॅड परत केला. म्हणाल्या, आंगठा नको, पंधरा दिवस थांबा, नावातलं एक जोडाक्षर अजून बसत नाहीये.